पंजरस्थ पक्षी आणि चुना : एका विधानाची दुरुस्ती

दोन वर्षांपूर्वीं एका लहानशा विद्वत्सभेंत बोलतांना आम्हीं असें विधान केलें होतें कीं, पिंजऱ्यांतील पक्ष्यांच्या हाडांचें व अंड्यांचें पोषण व्हावें म्हणून त्यांच्यापुढें समुद्रफेन ठेवण्याची चाल ही आपल्याकडील प्राचीन चाल असून तिचा उगम आपल्या वैद्यकग्रंथांत आहे. त्या वेळीं कोणी हरकत घेतली नाहीं. उलट दोघांतिघांनीं उठून आमचें अभिनंदन केलें. पुढें व्याख्यान लिहून काढण्याच्या हेतूनें आम्ही ग्रंथ उघडून बसलों, तेव्हां ज्या आधारावर तें विधान उभें होतें तो आधार पायाखालून सरकला. समुद्रफेन वैद्यकांत आहे, पक्षिपालनही आपल्या वाङ्मयांत आहे. परंतु या दोहोंचा सांधा आम्हीं आपल्या मनानेंच जुळविला होता. तोंडीं केलेली चूकही लेखी मागें घ्यावी, हा आमच्या गुरूंचा दंडक. या शोधांत जी हकीकत हातीं आली ती मूळ विधानाहून अधिक मोलाची आहे असें वाटल्यावरून ती येथें देत आहों.

हा विषय आमच्याकडे आला तो मात्र ग्रंथांतून नव्हे, घरांतून. नातीच्या हट्टास्तव आम्हीं बजरीगर जातीच्या लहान पोपटांची एक जोडी आणली. तिला खरें म्हणजे देशी राघू हवा होता. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें देशी पोपट पिंजऱ्यांत ठेवणें हा अपराध आहे, आणि तें योग्यच आहे. बजरीगर मूळचा ऑस्ट्रेलियाचा. जॉन गूल्ड या पक्षिशास्त्रज्ञानें तो १८४० त जिवंत इंग्लंडांत नेला, आणि तेव्हांपासून तो पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यांतच वाढत आला आहे. विक्रेत्यानें सांगितलें कीं, राळा आणि पाणी पुरे, दुसरें कांहीं लागत नाहीं. आम्हीं तसेंच केलें. पहिल्या खेपेस चार अंडीं झालीं, दुसऱ्या खेपेस पांच. तिसऱ्या खेपेस मादी पिसें फुलवून पिंजऱ्याच्या तळाशीं बसली ती उठलीच नाहीं. अंडें आंत अडकलें होतें. पशुवैद्यांकडे पोंचेपर्यंत सायंकाळ झाली. त्यांनीं तिला हातांत घेतलें तेव्हां प्राण गेलेला होता. परत येतांना नातीनें एकच प्रश्न विचारला, "आजोबा, आपण तिला काय द्यायचं विसरलो?"

तिनें 'आपण' म्हटलें ही तिची समजूतदारी. विसरलों होतों आम्ही.

पशुवैद्यांनीं सांगितलेलें कारण असें : अंड्याचें कवच म्हणजे जवळजवळ शुद्ध चुनखडी. तीतील मूळ धातु, ज्यास रसायनशास्त्रांत कॅल्शियम म्हणतात, तो आहारांत नसला तर मादी तो आपल्या हाडांतून काढून अंड्यास देते. हाडें रितीं झालीं आणि रक्तांतीलही अंश घटला म्हणजे अंडें पुढें ढकलणाऱ्या स्नायूंचें बळच जातें, कारण स्नायूंच्या आकुंचनासही हेंच द्रव्य लागतें. मग कवच पातळ, स्नायु दुबळे, आणि अंडें वाटेंत अडकलेलें. यावर उपाय म्हणून त्यांनीं पिंजऱ्यास समुद्रफेस अडकवावयास सांगितला. तो शब्द कानीं पडतांच आमच्यांतील संस्कृताचा मास्तर जागा झाला, आणि व्याख्यानांतील तें विधान तेथें जन्मास आलें.

आतां ग्रंथांकडे वळूं. पाळीव पक्ष्यांविषयीं आपलें वाङ्मय मुकें नाहीं. वात्स्यायनानें चौसष्ट कलांत शुकसारिकाप्रलापन, म्हणजे पोपट-मैनांस बोलावयास शिकविणें, ही एक कला गणली आहे. बाणाच्या कादंबरीची कथा वैशंपायन नांवाच्या शुकाच्या तोंडीं आहे, आणि शुकसप्तति तर सबंध पोपटानेंच सांगितली आहे. पण पक्षी काय बोलतो याविषयीं कवींना जितकें कौतुक, तितकें तो काय खातो याविषयीं नाहीं. त्यासाठीं राजांच्या विनोदग्रंथांकडे जावें लागतें. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा मानसोल्लास (शके १०५१) हा त्यांतील अग्रगण्य होय. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत श्री. गो. कृ. श्रीगोंदेकर यांनीं तो संपादिला, हें वाचकांस ठाऊकच आहे. त्यांत कुक्कुट, लावक, पारावत, श्येन यांचे स्वतंत्र विनोद आहेत. कुमाऊंचा राजा रुद्रदेव याचें श्यैनिकशास्त्र सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांतलें; हरप्रसाद शास्त्री यांनीं तें कलकत्त्यास १९१० त छापून प्रसिद्ध केलें. त्यांत बाजांचा आहार, ऋतुमानाप्रमाणें त्यांची निगा आणि त्यांचे रोग यांचा विचार आहे. परंतु शिकारी पक्ष्याचा प्रश्न मुळांतच वेगळा. ससाणा सावज हाडांसकट खातो, त्यामुळें चुना त्यास न मागतां मिळतो. निव्वळ मांसाचे तुकडे भरवून वाढविलेल्या ससाण्याच्या पिलांचीं हाडें वांकतात, हें आज पाळणारे जाणतात. हाडें ज्याच्या पोटांत जातात त्यास निराळी सुधा लागत नाहीं.

'सुधा' हा शब्द आम्हीं मुद्दाम योजिला. अमृत आणि भिंतीस लावावयाचा चुना हे दोन्ही अर्थ त्यास आहेत, आणि कोशकारांनीं ते शेजारींशेजारीं दिले आहेत. घर पांढरें केलें म्हणजे 'सुधाधवल' म्हणावयाचें, आणि देवांनीं प्याली तीही सुधाच. अलीकडील रसशास्त्राच्या पाठ्यग्रंथांत शंख, शुक्ति, वराटिका, प्रवाल, कुक्कुटाण्डत्वक् इत्यादि चुनेदार द्रव्यांस मिळून 'सुधावर्ग' म्हणतात. या द्व्यर्थी शब्दावरून प्राचीनांस कॅल्शियमचें महत्त्व ठाऊक होतें असा निष्कर्ष काढण्याचा मोह अनेकांस होतो. आम्हांस झाला होता. पण श्लेष म्हणजे पुरावा नव्हे. पांढरेपणाच्या साम्यावरून एका शब्दास दोन अर्थ चिकटतात, त्यास रसायनशास्त्र लागत नाहीं.

समुद्रफेनाची कथा याहून मनोरंजक आहे. नांवावरून हा समुद्राचा फेंस वाटतो, आणि अमरकोशांत डिंडीर व अब्धिकफ हे शब्द फेनाचेच पर्याय म्हणून आले आहेत. वस्तुतः औषधी समुद्रफेन हा फेंस नव्हे, माशाचें हाडही नव्हे. कोंकणांत ज्यास माकूल म्हणतात त्या जातीच्या मृदुकाय समुद्रप्राण्याच्या पाठींतलें तें आंतलें कवच होय. प्राणी मेल्यावर तें हलकें कवच पाण्यावर तरंगत किनाऱ्यास लागतें. ज्यानें प्रथम तें वाळूंत पाहिलें त्यास तो वाळलेला फेंस वाटला यांत नवल नाहीं. फारशी वैद्यांनींही त्यास 'कफ-ए-दर्या', म्हणजे दर्याचा फेंस, असेंच नांव दिलें, आणि हिंदींत तो समुद्रझाग झाला. युरोपांत ग्लोकर या खनिजशास्त्रज्ञानें १८४७ त एका हलक्या पांढऱ्या खनिजास याच कवचाच्या ग्रीक नांवावरून सेपिओलाइट म्हटलें, आणि त्याच खनिजाचें जर्मन नांव मेअरशाउम, म्हणजे पुनः समुद्रफेनच! हस्तलिखितांच्या संग्राहकांस या प्राण्याची आणखी एक ओळख आहे : सेपिया नांवाची तपकिरी शाई त्याच्याच पोटच्या पिशवींतून निघते. आपल्या पोथ्या काजळाच्या शाईच्या, त्यामुळें आपला तिच्याशीं संबंध क्वचितच येतो.

सुश्रुतानें समुद्रफेन नेत्ररोगांत लेखन म्हणून आणि कर्णस्रावांत चूर्णरूपानें योजिला आहे. पुढील वैद्य तो लिंबाच्या रसांत शुद्ध करून घेतात. हा सर्व उपयोग माणसासाठीं, आणि तोही बहुधा बाहेरून. तो पक्ष्यास द्यावा, अंड्यासाठीं द्यावा, या अर्थाचें वचन म्हणून आम्ही जें सांगत होतों, तें वचन नव्हतें. ती आमची इच्छा होती.

मोगल दरबाराची साक्ष अधिक स्पष्ट आहे. अबुल फजलनें आईन-इ-अकबरींत कबुतरबाजीस एक प्रकरण दिलें असून तीस अकबरानें 'इश्कबाजी' असें नांव दिल्याचें सांगितलें आहे. दरबारीं वीस हजारांवर कबुतरें होतीं, त्यांपैकीं पांचशें खासा. ब्लॉकमनच्या १८७३ च्या इंग्रजी भाषांतरावरून पाहतां, उडविण्याच्या कबुतरांस एकच बारीक धान्य, तर जोडीस बसविलेल्यांस तांदूळ, हरभऱ्याची व मुगाची डाळ, जोंधळा आदिकरून सात धान्यांचें मिश्रण, असा भेद होता. अंड्यांवर बसणाऱ्या जोडीस निराळा आहार लागतो इतकें त्या कारखान्यास कळत होतें, ही लहान गोष्ट नव्हे. पण त्या सात जिनसांत चुना नाहीं, विटकर नाहीं, शिंपला नाहीं. मग तीं कबुतरें अंडीं कशीं घालीत? आमचें उत्तर असें कीं, तीं मोकळीं उडत होतीं. फत्तेपूर-आग्र्याच्या इमारतींच्या सांध्यांतला चुना टोंचावयास त्यांस कोणाची परवानगी लागत नव्हती. जें पक्षी स्वतः शोधून घेतो त्याची नोंद कारखान्याच्या हिशेबांत होत नाहीं. तो बंद पिंजऱ्यांत गेला म्हणजे मात्र तें कोणी तरी आठवणीनें द्यावें लागतें, आणि विसर पडण्यास तेथूनच आरंभ होतो.

जुन्या भिंतीच्या चुन्याचा लेखी उल्लेख आम्हांस प्रथम सांपडला तो इंग्लंडांत. लंडनचा एक औषधविक्रेता जॉन मूर यानें १७३५ त कबुतरांवर 'कोलंबेरियम' नांवाचें पुस्तक लिहिलें. त्यांत 'सॉल्ट कॅट', म्हणजे मिठाची मांजर, अशा चमत्कारिक नांवाची एक कृति आहे. रेती, चिकणमाती, जुन्या भिंतीचा पडलेला चुरा, जिरें, मीठ इत्यादि कालवून त्याचा गोळा कबुतरखान्यांत ठेवावयाचा, म्हणजे पक्षी तो टोंचून खातात. भिंतीचा चुरा न मिळाल्यास चुना घालावा अशीही सोय त्यानें सांगितली आहे. हें कोणा पंडिताचें ज्ञान नव्हे. कबुतरें पाळणाऱ्यांची ही पिढीजात रीत, मूरनें ती फक्त उतरून ठेवली. मीठ कोणत्या कामाचें, चुना कोणत्या, हा भेद त्या गोळ्यांत नाहीं.

तो भेद करणारा मनुष्य छप्पन्न वर्षांनीं आला. डॉक्टर जॉर्ज फोर्डाइस (१७३६–१८०२) हा ॲबर्डीनचा. लंडनच्या सेंट टॉमस इस्पितळांत १७७० पासून वैद्य. मनुष्य विक्षिप्त. सिंह दिवसांतून एकदांच खातो तर माणसासही तितकें पुरे, असें ठरवून तो वर्षानुवर्षें एकभुक्त राहिला, अशी त्याची आख्यायिका आहे. अन्नाच्या पचनावरील आपलीं व्याख्यानें त्यानें १७९१ त ग्रंथरूपानें छापलीं. (त्या वर्षीं इकडे हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन टिपूवरील मोहिमेंत होते, आपल्या वाचकांस काळाचा अंदाज यावा म्हणून हें लिहिलें.) त्या ग्रंथांत कॅनरी पक्ष्यांविषयींचा एक लहानसा परिच्छेद आहे. कॅनरीच्या माद्या अंडीं घालण्याच्या वेळीं चुनेदार माती न मिळाल्यास वारंवार मरतात, कारण अंडें नीट पुढें सरकत नाहीं, हें त्याच्या लक्षांत आलें होतें. यावर त्यानें केलें तें इतकेंच : विणीच्या दिवसांतील माद्या निरनिराळ्या पिंजऱ्यांत ठेवून कांहीं पिंजऱ्यांत जुन्या भिंतीच्या गिलाव्याचा एक तुकडा टाकला, बाकीच्यांत टाकला नाहीं. दाणा, पाणी, सारें सारखें. ज्यांस तुकडा मिळाला त्यांनीं तो फोडून गिळला, अंडीं घातलीं, आणि त्यांतील एकही मेली नाहीं. ज्यांस तो मिळाला नाहीं त्यांतील पुष्कळशा मेल्या.

आमच्या नातीचा प्रश्न आणि फोर्डाइसचा परिच्छेद यांत दोनशें तीस वर्षांहून अधिक अंतर आहे, आणि विषय अक्षरशः एकच. पाळणाऱ्यांचें ज्ञान आणि शास्त्रज्ञाचें ज्ञान यांतील अंतर किती थोडें व तरीही किती मोठें असतें, हें येथें दिसतें. मूरच्या गोळ्यांत चुना होताच. फोर्डाइसनें नवें द्रव्य शोधलें नाहीं. त्यानें दोन पिंजरे शेजारीं ठेवून एकांतून एकच वस्तु काढून घेतली. पाठभेद ठरवितांना आपण दोन प्रती शेजारीं ठेवतों, त्यांतलाच हा प्रकार होय. एका शब्दाकडे मात्र आम्ही वाचकांचें विशेष लक्ष वेधूं इच्छितों : गिलावा 'जुना' होता. ताजा भिजविलेला चुना दाहक असतो. तो भिंतीवर बसला म्हणजे वर्षानुवर्षें हवेंतील कर्बवायु शोषून घेतो आणि पुनः निरुपद्रवी चुनखडी होतो. तेव्हां हें विशेषण कोणी अलंकार म्हणून घेऊं नये. पक्ष्याचा जीव त्या विशेषणांत आहे. आमच्या एका स्नेह्यांनीं हें सर्व ऐकून पानाच्या डबींतील चुना पाण्यांत कालवून द्यावयास सांगितलें. तसें कोणीही करूं नये.

फोर्डाइसनंतर लवकरच याच विषयांत एक मोठा घोंटाळा झाला, आणि तो अद्यापि पुरता निस्तरलेला नाहीं. क्रोमियम धातूचा शोधक म्हणून प्रसिद्ध असलेला फ्रेंच रसायनज्ञ व्होकलँ यानें १७९९ त एक कोंबडी दहा दिवस केवळ ओट धान्यावर ठेविली. धान्यांत चुना किती, तिच्या अंड्यांत व विष्ठेंत किती, हें त्यानें मोजलें. बाहेर पडलेला चुना आंत गेलेल्याहून कितीतरी अधिक भरला. मोजमाप चोख होतें; निष्कर्ष मात्र असा निघाला कीं, कोंबडी आपल्या देहांत चुना निर्माण करते! १८२२ त प्राउट या इंग्रज वैद्यास अशीच अडचण आली. उबविल्या जाणाऱ्या अंड्यांतील पिलांत अंड्याच्या मूळ गरापेक्षां अधिक चुना कोठून येतो, याचा उलगडा त्याला होईना. तो कवचांतूनच येतो, हें पुढें सिद्ध झालें. व्होकलँची कोंबडी मात्र १९६० नंतरच्या दशकांत पुनः फ्रान्समध्यें उभी राहिली, प्राणिदेहांत एका धातूचें दुसऱ्या धातूंत रूपांतर होतें या मताचा पुरावा म्हणून. तेंच मत मराठींतही कोठें कोठें 'पाश्चात्त्यांनीं मान्य केलेली किमया' या थाटांत वाचावयास मिळतें. आपण जमाखर्चाचे कागद वाचणारे लोक आहों. खर्च जमेहून अधिक दिसला तर आपण पैसे आपोआप उत्पन्न झाले असें म्हणत नाहीं. मागील शिल्लक कोठें होती तें शोधतों. व्होकलँनें शिल्लक पाहिली नव्हती, आणि ती शिल्लक कोंबडीच्या हाडांत होती.

ती शिल्लक उघडी करण्याचें श्रेय जिनीव्हाच्या शोसा नांवाच्या वैद्याकडे जातें. १८४२ त प्रसिद्ध केलेल्या टिपणांत त्यानें कबुतरांचा प्रयोग सांगितला आहे. कबुतरांस निवडक गहूं व पाणी, याखेरीज कांहीं नाहीं. प्रथम तीं चांगलीं धष्टपुष्ट झालीं, आणि हेंच या प्रयोगांतलें भयंकर आहे : पहिले दोन-तीन महिने पाहणारा म्हणेल कीं आहार उत्तम आहे. मग तीं पूर्वीपेक्षां कितीतरी पट पाणी पिऊं लागलीं, हगवण लागली, आणि आठव्या ते दहाव्या महिन्यांच्या दरम्यान एकेक करून मेलीं. हाडें पाहिलीं तों कागदासारखीं पातळ. उरोस्थीस तर बारीक बारीक भोंकें पडलेलीं. गव्हांत चुनखडी मिसळली म्हणजे हा रोग होत नसे. आमच्या पिंजऱ्यांतही पहिल्या दोन खेपा निर्विघ्न गेल्या होत्या आणि विक्रेत्याचें बोलणें आम्हांस खरें वाटलें होतें. शिल्लक संपेपर्यंत दिवाळखोर श्रीमंतच दिसतो.

या शिल्लकेची जागाही पुढें निश्चित झाली. काइज व पॉटर या अमेरिकन संशोधकांनीं १९३४ त दाखविलें कीं, कबुतराच्या मादीच्या लांब हाडांच्या पोकळींत अंडें घालण्याच्या सुमारास एक नवें, भुसभुशीत हाड तयार होतें आणि अंडीं घातल्यावर तें विरून जातें. नरांत तें आढळत नाहीं. तें विणीपुरतें भरलेलें कोठार होय. पुरातन अवशेषांत रमणाऱ्या वाचकांस एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाहीं : २००५ साली अमेरिकेंत टायरॅनोसॉरस या प्रचंड सरड्याच्या सुमारें सहा कोटी ऐंशीं लक्ष वर्षांपूर्वींच्या मांडीच्या हाडांत याच जातीचें हाड ओळखण्यांत आलें, आणि त्यावरून तो प्राणी मादी होता व अंडीं घालण्याच्या बेतांत होता असें अनुमान निघालें. आपल्या ताम्रपटांचें वय सांगतांना यापुढें थोडें विनयानें बोलावें लागेल.

आतां हिशेबाकडे येतों. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या कोष्टकांत शंभर ग्रॅम धान्यांतील कॅल्शियम असें दिलें आहे : ज्वारी २५ मिलिग्रॅम, राळा ३१, बाजरी ४२, नाचणी ३४४. बजरीगर दिवसास स्थूलमानानें पांच ग्रॅम दाणा खातो. म्हणजे राळ्यांतून त्यास दीड मिलिग्रॅमच्या आसपास मिळतें. त्याचें अंडें दोन ग्रॅमचें, कवच त्याच्या बाराव्या-तेराव्या हिश्शाचें धरलें तर एका कवचांत पन्नाससाठ मिलिग्रॅम कॅल्शियम येतें. एका अंड्यास महिन्याभराचें राळें पुरत नाहीं. आणि मादी तर एका दिवसाआड अंडें घालते. कोंबडीचें प्रमाण असेंच आहे : सबंध देहांत वीस ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, आणि प्रत्येक अंड्यास त्यांतलें दोन ग्रॅम. शिवाय राळ्यांत फॉस्फरस २९० मिलिग्रॅम, म्हणजे कॅल्शियमच्या नऊपट. आणि तो बहुतांशीं अशा रूपांत असतो कीं, असलेलें कॅल्शियमही तो बांधून ठेवतो. पक्ष्यास कॅल्शियम फॉस्फरसाहून अधिक, दीडपट ते दुप्पट, लागतें. दाण्यांत नाचणी मिसळावी हें यावरून उघड आहे. कोष्टकांत शेवग्याच्या पाल्यांत ४४० व मेथींत ३९५ मिलिग्रॅम कॅल्शियम आहे. हीं पानें बजरीगर आवडीनें खातो. नुसती वाळू ठेवून भागत नाहीं, कारण वाळूंत चुना नसतो. ती कबुतरासारख्या, दाणा सालीसकट गिळणाऱ्या पक्ष्यास दळण्याच्या कामीं येते. पोपट दाणा सोलून खातो, त्यास तीही नको.

एवढें करूनही ऊन नसेल तर सर्व व्यर्थ आहे. १९२० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील विस्कॉन्सिन येथें कोंबडीच्या पिलांवर जे प्रयोग झाले त्यांवरून हें निश्चित झालें कीं, उन्हावांचून वाढलेल्या पिलांचे पाय दुबळे होतात, आणि ऊन किंवा कॉड माशाच्या यकृताचें तेल मिळालें म्हणजे तीं सुधारतात. उन्हाच्या विशिष्ट किरणांनीं त्वचेंत 'ड' जीवनसत्त्व बनतें व तेंच आंतड्यांतून कॅल्शियम रक्तांत नेतें. हे किरण खिडकीच्या कांचेंतून येत नाहींत. आमचा पिंजरा वर्षभर कांचेच्या खिडकीशीं होता. आम्ही तो उन्हांत ठेवला आहे अशाच समजुतींत होतों. अतिरेकही घातक आहे, हें येथेंच नमूद करणें जरूर. औषधी थेंब व 'ड' जीवनसत्त्व मन मानेल तसें पाजल्यास मूत्रपिंडांत चुना सांचून पक्षी मरतो. समुद्रफेन, उकळून वाळविलेलीं व कुटलेलीं अंड्याचीं टरफलें, शिंपल्याचा चुरा हे पदार्थ पक्षी आपल्या गरजेप्रमाणें टोंचतो, म्हणून ते पुढें ठेवणें बरें. थेंब वैद्यांच्या सांगण्यावांचून देऊं नयेत.

येथें थोडें विषयांतर. आमच्या आळींतील एका जुन्या वाड्याच्या घाणीच्या चुन्याच्या भिंतीवर चिमण्या व राघू चोंची मारीत असतांना आम्हीं लहानपणीं पाहिले होते, आणि ते घर पोखरतात म्हणून आम्ही त्यांस दगड मारीत असूं. त्या भिंतीवर पुढें सिमेंटचा लेप बसला. चुन्याची भिंत श्वास घेते, सिमेंटनें आंतली ओल कोंडते आणि दगड-वीट कुजते, ही तक्रार वास्तुसंरक्षक करीतच असतात. त्यांत पक्ष्यांची तक्रार मिळवावयास हरकत नाहीं. परंतु कोणी जुन्या भिंतीचा तुकडा आणून पिंजऱ्यांत टाकणार असेल तर त्यावर तैलरंग नाहीं याची खात्री करावी. जुन्या रंगांत शिसें असे, आणि तें पक्ष्यास विष होय.

नातीनें दुसरी जोडी आणूं दिली नाहीं. उरलेल्या नरास आतां राळ्याबरोबर नाचणी, सकाळीं गच्चीवर अर्धा तास ऊन आणि पिंजऱ्याच्या गजांस तारेनें बांधलेला समुद्रफेसाचा तुकडा असतो. तो काष्ठौषधीच्या दुकानांत मिळतो. किनाऱ्यावरून उचलून आणला असेल तर दोन-तीन दिवस पाणी बदलून बदलून भिजवावा म्हणजे खार निघून जातो, आणि मऊ बाजू पक्ष्याकडे करावी. नर अंडीं घालीत नाहीं, त्यामुळें तो तुकडा फारसा झिजत नाहीं. नात मात्र तो दर रविवारीं काढून पाहते.

आमच्या व्याख्यानाचीं टिपणें ज्यांनीं घेतलीं असतील त्यांनीं समुद्रफेनाविषयींचें वाक्य खोडून टाकावें. सरदार-सरंजामदारांच्या दप्तरांतील शिकारखान्याचे, कबुतरखान्याचे व बाजखान्याचे जमाखर्च ज्यांच्या संग्रहीं आहेत त्यांस आमची विनंती आहे कीं, दाण्याच्या नोंदींखालीं चुना, विटकर, शिंपले किंवा समुद्रफेस असा एखादा जिन्नस पक्ष्यांच्या नांवें पडला आहे काय, तें पाहावें. असल्यास तारीख, परिमाण व किंमत यांसह मूळ ओळ जशीच्या तशी या त्रैमासिकाकडे पाठवावी. तशी एक ओळ मिळाली तरी आम्ही खोडलेलें वाक्य पुनः लिहूं. तूर्त तें खोडलेलेंच असूं द्यावें.